घाटाचा उतार आणि शर्यतीची धाव : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात ब्रेकच्या पूर्वतयारीचा इतिहास

प्रस्तावना

वाहनाच्या इतिहासात गतीला जेवढे स्थान मिळाले, तेवढे थांबण्याला मिळालेले नाही. इंजिनाची अश्वशक्ती, रस्त्याची लांबी, प्रवासाला लागणारा वेळ यांच्या नोंदी विपुल आढळतात. ब्रेकची नोंद मात्र बहुधा तो निकामी झाला तेव्हाच होते. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते. या पट्टीची भूरचनाच अशी आहे की, पश्चिमेस खाड्या व बंदरे आणि पूर्वेस अवघ्या काही कोसांवर सह्याद्रीची भिंत. अलिबाग, पेण, पनवेल येथून देशावर जाणाऱ्या वाहनाला घाट चढावा लागतो आणि परतताना उतरावा लागतो. या उतरण्याचे तंत्र कसे बदलत गेले आणि आज मोटार-शर्यतीच्या मार्गावर गाडी नेण्यापूर्वी ब्रेक पॅडची जी तयारी केली जाते, तिचा या जुन्या तंत्राशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. ब्रेक ही गाडीला जोडलेली तयार वस्तू नसून उताराला लागण्यापूर्वी करावयाची तयारी आहे, ही जाणीव भोर घाटात फार पूर्वी रुजली होती. हौशी शर्यत-चालकाला ती नव्याने शिकावी लागते.

बंदर ते घाटमाथा

पनवेल आणि परिसरातील बंदरांतून देशावर जाणारा माल दीर्घकाळ बैलांच्या पाठीवरून जात असे. पाठीवरील ओझ्याला ब्रेक लागत नाही. जनावर आपला तोल आपण सांभाळते. चाक आले की हा प्रश्न उभा राहतो. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते भोर घाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि किनाऱ्यावरची चाके प्रथमच नियमितपणे घाटमाथ्याला जाऊ लागली. रस्ता चढण्यासाठी बांधला असे म्हटले जाते, परंतु गाडीवानाची खरी परीक्षा उतरताना असते. भरलेली गाडी मागून रेटू लागली की जुवाखालच्या बैलांना ती मानेवर तोलून धरावी लागते. चाक दोराने वा साखळीने जखडून ते घासत नेणे, गाडीमागे ओंडका बांधून ओढणे, आऱ्यांत दांडा घालणे असे उपाय डोंगराळ मुलुखांत जगभर योजले गेले. या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे. ते उताराच्या माथ्यावर, गाडी उभी असतानाच करावे लागतात. गाडीने एकदा वेग घेतला की दोर बांधायला वेळ राहत नाही.

येथे प्रशासकीय स्वरूपाचा एक खुलासा आवश्यक आहे. ज्या काळाचे हे वर्णन आहे, त्या काळात पनवेल व कर्जत हे भाग ठाणे जिल्ह्यात मोडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ते कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले आणि कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्यामुळे भोर घाटाचा इतिहास शोधताना ठाणे व कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांची जुनी गॅझेटियरे चाळावी लागतात.

लोहमार्गाचा उतार

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. मधला घाट मात्र पाच वर्षे रिकामा होता. उतारूंनी खोपोलीस उतरावे, पालखी, तट्टू किंवा गाडी करून खंडाळा गाठावे आणि तेथे पुन्हा आगगाडीत बसावे, अशी व्यवस्था होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आराखड्यानुसार बांधलेला घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे पंधरा-पावणेसोळा मैलांच्या या मार्गात १,८३१ फुटांची, म्हणजे साधारण ५५८ मीटरची चढण आहे आणि सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांत एक फूट असा आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी काम पुढे चालविले, हा या बांधकामाच्या इतिहासातील सर्वपरिचित तपशील आहे. उतरणाऱ्या गाडीला थांबविण्याची योजना त्या मानाने दुर्लक्षित राहिली.

त्या काळी संपूर्ण गाडीला एकाच वेळी लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनाचा ब्रेक वेगळा, गार्डाच्या डब्याचा वेगळा, आणि मधल्या ब्रेकच्या डब्यांवर माणसे बसविलेली. इंजिनाच्या शिटीची खूण ऐकून ही माणसे हाताने चाक फिरवून ठोकळे चाकांवर आवळीत. पावसाळ्यात रूळ ओले, ठोकळे ओले आणि धुके इतके दाट की पुढचा डबा दिसू नये. खंडाळ्याजवळ उलट-फिरणीचे स्थानक होते. तेथे गाडी डोंगराच्या कडेवरील टोकापर्यंत जाई, थांबे आणि दिशा बदलून पुढचा उतार धरी. म्हणजे या ठिकाणी थांबणे ही सोय नव्हती, अट होती. २६ जानेवारी १८६९ रोजी घाट उतरणारी एक गाडी ब्रेकच्या ताब्यात राहिली नाही आणि या स्थानकाच्या टोकापलीकडे गेली.

घाटात पुढे जी पद्धत स्थिर झाली, तिचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. उतारावर ठिकठिकाणी चढणीच्या दिशेने जाणारे आडमार्ग काढले गेले. सांध्याची नेहमीची स्थिती मुख्य मार्गाकडे न ठेवता या आडमार्गाकडे ठेवली जाते. उतरणारी गाडी तेथे येऊन पूर्ण थांबली, म्हणजेच आपला ब्रेक शाबूत असल्याचा पुरावा तिने दिला, की मगच तिच्यासाठी मुख्य मार्ग जोडला जातो. थांबू न शकणारी गाडी आपोआप चढावर जाऊन तिचा वेग मोडतो. येथे यंत्रणा चालकावर विश्वास ठेवीत नाही आणि ब्रेकवर तर मुळीच नाही. ब्रेक निकामी आहे असे गृहीत धरूनच ती उभी आहे. १९२० च्या दशकाअखेरीस विद्युतीकरण झाले, मार्गाची नवी आखणी होऊन उलट-फिरणीचे स्थानक गळाले, परंतु उताराला लागण्यापूर्वी ब्रेकची चाचणी घेण्याचा दंडक राहिला.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखविणारा आणि त्याबद्दल प्राणास मुकलेला धनगर, अशी त्याची लोककथा सांगतात. कथेला कागदोपत्री आधार शोधणे हे या निबंधाचे प्रयोजन नाही. चालक तेथे गाडी सावकाश करतात, नाणे टाकतात, नारळ फोडतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी, घाटात मध्येच थांबण्याने तापलेल्या ड्रमांना निवण्यास अवधी मिळत असणार, हे नाकारता येत नाही.

बुटाच्या तळव्यापासून अ‍ॅस्बेस्टॉसपर्यंत

मोटारीच्या ब्रेकला जे घर्षणवस्त्र लागते, त्याचा उगमही एका डोंगरी रस्त्यावरच आहे. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या चढउतारांवर घोडागाड्यांचे हाकारे लाकडी ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तळवे ठोकतात, हे हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिले. लाकडापेक्षा चामडे चाकाला चांगले धरी. फ्रूड यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून 'फेरोडो' हे नाव रूढ झाले. प्रारंभी सुती वा केसांच्या पट्ट्यांना राळ व तत्सम द्रव्य पाजून अस्तरे बनविली जात. परंतु मोटारीच्या उष्णतेपुढे सूत जळू लागले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अ‍ॅस्बेस्टॉसकडे वळणे झाले. न जळणारा, विणता येणारा व स्वस्त असा तो दगडी धागा पुढील सात-आठ दशके बहुतेक ब्रेकमध्ये होता.

किनाऱ्यावरच्या पहिल्या पिढीतील मोटारींना चारही चाकांना ड्रम-ब्रेक असत. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, ही त्यांची प्रतिनिधी मानता येईल. ड्रममधील उष्णता आतच कोंडते. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलेली गाडी पायथ्याशी धूर सोडीत उभी राहे, ती यामुळेच. 'ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर' हा ट्रकचालकांचा जुना नियम इंजिनाकडून रोध घेऊन लायनर वाचविण्यासाठी होता.

लायनर मात्र कोणीतरी बनवीत होते, आणि कोणीतरी गॅरेजमध्ये ड्रम उघडून त्यातील भुकटी फुंकर मारून वा हवेच्या नळीने उडवीत होते. मुंबईतील अ‍ॅस्बेस्टॉसचे संमिश्र पदार्थ तयार करणाऱ्या एका कारखान्यातील कायम कामगारांची पाहणी मुरलीधर व कान्हेरे यांनी २००५ मध्ये 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. २३२ पैकी १८१ कामगारांनी तीत भाग घेतला आणि त्यांतील २२ टक्क्यांना अ‍ॅस्बेस्टॉसिस झाल्याचे आढळले. फुप्फुसात रुतलेला धागा बाहेर निघत नाही. आजार उमटायला वीस वर्षे लागतात, आणि तोवर कामगार बहुधा निवृत्तीला आलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचा भाग ठरविला आणि अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. घाट सुखरूप उतरलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर या धुळीचा काही अंश जमा आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

चकती, पॅड आणि उष्णतेचा हिशेब

उष्णता कोंडू नये म्हणून ड्रमाऐवजी उघडी चकती वापरण्याची कल्पना लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच मांडली होती. तिला प्रतिष्ठा मात्र शर्यतीने दिली. १९५३ च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क-ब्रेक बसविलेली जॅग्वार जिंकली. प्रत्येक वळणावर ती इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावू शकत होती आणि तासांमागून तास तसे करू शकत होती. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची होती.

ब्रेक वेग नाहीसा करीत नाही, त्याचे उष्णतेत रूपांतर करतो. हजार किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबविल्यास सुमारे ३८६ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तिचा सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो आणि पुढच्या दोन चकत्या मिळून आठ किलोच्या आहेत असे धरल्यास, एका थांबण्याने त्या सुमारे सत्तर अंशांनी तापतात. आता घाटाचा हिशेब करावा. तीच मोटार लोहमार्गाएवढी, म्हणजे ५५८ मीटर उंची केवळ ब्रेकवर उतरली, तर सुमारे ५,४७० किलोज्यूल उष्णता होते. शंभरच्या वेगावरून चौदा वेळा थांबण्याइतकी. पंधरा मिनिटांत उतरल्यास ती सरासरी सहा किलोवॉट भरते, म्हणजे घरातील तीन गिझर अखंड चालू ठेवल्यासारखे. शर्यतीच्या मार्गावर हेच चौदा प्रसंग दोन-तीन फेऱ्यांत येतात. घाट आणि शर्यतीचा मार्ग यांत प्रकाराचा भेद नाही, घाईचा आहे.

नवा पॅड अशा मार्गावर थेट नेणे हे सुती पट्टी मोटारीला लावण्यासारखेच होय. पॅडमधील घटकांना बांधून ठेवणारी फिनॉलिक राळ प्रथमच कडक तापते तेव्हा तिच्यातून वायू सुटतात. त्यांचा पातळ थर पॅड व चकतीच्या मध्ये येतो आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून नव्या पॅडला आधी 'बसवावे' लागते. गॅरेजमधला शब्दही तोच आहे : लायनर बसायला वेळ द्यावा लागतो. पद्धत अशी की, मोकळ्या व सुरक्षित जागी ताशी शंभरच्या आसपासच्या वेगावरून वीसपर्यंत, मध्यम ते जोरकस दाबाने, आठ-दहा वेळा वेग उतरवावा. गाडी पूर्ण उभी करू नये. नंतर दहा-पंधरा मिनिटे ब्रेक न वापरता चालवून चकत्या निवू द्याव्यात. नेमकी संख्या व वेग पॅडनुसार बदलतात आणि उत्पादकाची सूचना तेथे अंतिम मानावी. या क्रियेत वायू निघून जातात आणि पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ, एकसारखा थर चकतीवर उतरतो. पुढचे घर्षण बरेचसे या थराचे पॅडशी असते. तापलेली गाडी ब्रेक दाबून उभी ठेवली तर थर एका जागी जाड बसतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरते. त्यालाच पुष्कळदा 'चकती वाकली' असे म्हटले जाते. याच कारणाने फेरी संपवून आलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढीत नाहीत, चाकाखाली अटकाव लावतात. बैलगाडीच्या चाकाला धोंडा लावण्याचीच ही आवृत्ती आहे.

ब्रेक दोन निरनिराळ्या रीतींनी दगा देतो, आणि चालकाला त्यांतील फरक पायाने ओळखता यावा लागतो. पेडल दगडासारखे घट्ट, पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅडची पकड गेली. पेडल मऊ पडून तळाला गेले तर ब्रेक ऑइल उकळले. बोलीत त्यास ऑइल म्हणतात, परंतु नेहमीच्या गाड्यांतील हा द्रव ग्लायकॉल वर्गाचा असतो आणि तो हवेतील ओलावा शोषतो. चौथ्या डॉट प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ आहे. पंच्याहत्तर अंशांची ही घट पाण्याने होते, आणि अलिबाग-मुरूडच्या हवेत पाण्याला तोटा नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल शर्यतीपूर्वी बदलणे ही म्हणूनच चैन नव्हे. खारी हवा चकतीच्या कडांवर आणि कॅलिपरच्या सरकपिनांवर गंज चढविते. पिन अडकली की एक पॅड झिजतो, दुसरा कोरा राहतो. पुळणीवर गाडी नेण्याची हौस ज्यांना आहे, त्यांच्या गाडीची चाके काढून पाहिल्याशिवाय तयारीचा विचारही करू नये.

परतीचा घाट

देशातील मोठे शर्यतीचे मार्ग किनाऱ्यापासून दूर आहेत. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग १९९० चा, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ चा आणि ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किट २०११ चे. अलिबागचा हौशी चालक दक्षिणेकडील मार्गांवर गाडी चालवीत जातो, तेव्हा कार्ले खिंड, पेण, खोपोली आणि भोर घाट हा त्याचा रस्ता असतो. जाताना घाट चढणीचा, पॅड कोरे आणि मन उत्साहात. दोन दिवसांनी तोच चालक त्याच घाटाच्या माथ्यावर येतो, तेव्हा उतार समोर असतो. पॅड अर्ध्यावर आलेले, ब्रेक ऑइल एकदा-दोनदा उकळीच्या जवळ जाऊन आलेले. खास शर्यतीसाठी बनविलेले पॅड तापल्यावरच नीट पकडतात; थंड असताना, पावसात, पहिल्या एक-दोन दाबांत त्यांची पकड नेहमीच्या पॅडहून उणी पडू शकते. शर्यतीच्या मार्गावर पहिली फेरी सावकाश घेऊन ते तापविता येतात. सार्वजनिक रस्त्यावर पुढचा ट्रक त्यासाठी थांबत नाही.

अनुभवी चालक म्हणून रस्त्याचे पॅड डिकीत बरोबर नेतात आणि शर्यतीचा मार्ग सोडण्यापूर्वीच ते बदलतात, ब्रेक ऑइलमधील हवा काढतात, उरलेल्या पॅडची जाडी पाहून ठेवतात. रेल्वेच्या घाटात हे काम दंडकाने होते. मोटारीच्या घाटात आडमार्गाकडे लावून ठेवलेला सांधा नाही, आणि खंडाळ्याला उभे राहून ब्रेकचा पुरावा कोणी मागत नाही.